टाकी म्हणे मी दूर

तेरेक-बुलाक, १० डिसेंबर

तुर्सुनाय बाळ,

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. गाय अजून आटलेली नाही. छपरावरचा बर्फ मीच उतरवला. तुझ्या सासूचा गुडघा थंडीच्या मानाने कुरकुरतो. सेझिमला कोच्कोरच्या शाळेत घातलं असशील. तिला म्हणावं, आजोबांनी दिलेली हिवाळ्याची कविता सोडू नकोस, अर्धी पाठ झाली होती.

पत्र सातारकुलच्या हाती देतोय. तो रोज दोलोन खिंडीपलीकडे सवाऱ्या नेतो, तुझ्या वडिलांचं घर त्याला ठाऊक आहे. म्हणाला, "गुरुजी, आजकाल पत्र कोण लिहितं? फोन करा की." मी म्हटलं, फोनवर मला स्वल्पविराम देता येत नाहीत. तो हसला. तू फोन उचलत नाहीस, हे त्याला कशाला सांगू.

विचारायचं होतं ते गाडीबद्दल. तू गेल्यापासून ती मी चालवतो. कालिपाच्या गुडघ्याला विजेचा शेक द्यायचा असतो, त्यासाठी रोज अत-बाशीच्या दवाखान्यात जावं लागतं. म्हणजे तू कामाला जायचीस तिथेच, त्याच रस्त्याने. तुझ्या टेबलापाशी आता कुणी नवी नर्स बसते. तिचा आवाज फार मोठा आहे.

तर गाडी पेट्रोल पिते. उन्हाळ्यात शनिवारी ओतलेला डबा पुढच्या शनिवारपर्यंत पुरायचा. आता आठवडा निम्म्यावर येतो न येतो तोच काटा लाल रेघेला टेकतो. किलोमीटर मोजणारी चाकं तर आपल्या पोराच्या, कुबातच्या हयातीतच अडकली, त्यामुळे हिशेबाला दुसरं काही नाही. म्हणून विचारतो, जायच्या आधी तू गाडीत काही बदल केला होतास का? काही बिघडलं होतं आणि सांगायचं राहून गेलं, असं तर नाही? आरोप करत नाही. फक्त विचारतो.

तुझा भाऊ न्यायला आला त्या दिवशी मी शाळेत होतो. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाची तालीम होती. नाहीतर निरोप द्यायला अंगणात आलोच असतो.

आशीर्वाद,
बाबा


तेरेक-बुलाक, १९ डिसेंबर

तुर्सुनाय बाळ,

सातारकुल म्हणाला, पत्र तू घेतलंस, एप्रनच्या खिशात ठेवलंस आणि त्याला चहा दिलास. उत्तर नाही म्हणाला. घाई नाही.

गाडीचा तपास चालू आहे. मी काही अगदीच अडाणी नाही. सैन्यात दोन वर्षं लॉरी चालवली आहे, आणि त्या काळी शाळेतसुद्धा मुलांना ट्रॅक्टर उघडायला लावायचे. आधी चाकं पाहिली. थंडीने हवा आक्रसते, चारही चाकं पोट टेकून बसलेल्या म्हशींसारखी झाली होती. शेजारच्या शामशीकडून पंप आणला, हवा भरली. फरक पडला, पण चमचाभर.

मग मागची चाकं पाहिली. कधी कधी हातब्रेक गोठून चाकाला चिकटतो आणि गाडी ओढत राहते. दवाखान्यासमोर उतरून चारही चाकांवर हात ठेवून पाहिला. चारही थंड. येणारे-जाणारे बघत होते. एक बाई म्हणाली, "गुरुजी घोड्याची नाडी बघतायत." बायका हसल्या. तुझी सासू हसली नाही. हल्ली ती माझ्या कुठल्याच गोष्टीला हसत नाही.

बाजारातल्या गॅरेजवाल्याने प्लग काढून दाखवले. किटलीच्या बुडासारखे काळे. त्याने पुसून परत लावले आणि वयाचा मान ठेवून म्हणाला, "हिवाळा आहे अक्साकाल, हिवाळ्यात सगळेच जास्त खातात." चार दिवसांनी मी स्वतः काढून पाहिले, परत तेच काळे.

सकाळी गाडी सुरू करून तापायला ठेवतो. त्या वेळात अंगणात फेऱ्या मारत जुन्या कविता म्हणतो. शाळेत माझा पहिला तास नेहमी असाच असायचा. शेगडी नुकती पेटलेली, तीस पोरांच्या तोंडातून वाफ, आणि सगळे एका सुरात एकच ओळ म्हणतायत. खिडकीवरच्या बर्फाच्या फुलांना त्या आवाजाने पाणी सुटायचं. निदान मला तसं वाटायचं. परवा पाच कविता होईपर्यंत इंजिन तसंच चालू होतं. कालिपाने दारातून विचारलं, "गाडी तापवतोयस की कवितांना पेट्रोल पाजतोयस?" तेही एक कारण असेल म्हणून आता एकाच कवितेवर भागवतो.

अजून एक. नोव्हेंबरात तू गाडीच्या तोंडाशी, जाळीच्या मागे, शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा लावला होतास. तो मी काढून टाकला होता. त्यावर दात काढून हसणाऱ्या बाईचं चित्र होतं, शिक्षकाच्या घरच्या गाडीला बरं दिसेना. गोठ्यात सापडला, परत लावलाय. त्याने थोडा फरक पडला. तू तो का लावला होतास, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

शामशीकडच्या जेवणात मी गमतीत काही बोललो होतो. तुझ्यापर्यंत ते कसं पोहोचलं कोण जाणे. लोक मीठमसाला लावतात.

बाबा


तेरेक-बुलाक, २८ डिसेंबर

तुर्सुनाय,

या वेळी सातारकुलने निरोप आणला. मी त्याला घरात घेतलं, वरच्या, मानाच्या जागी बसवलं, लोणी पुढे केलं. म्हटलं, तिचे शब्द जसेच्या तसे सांग. म्हणाला, "फार काही नाही बोलली. विचारलं, बाबांना गाडीतली शेगडी ऊब देते का?"

मला राग आला. म्हटलं, टोमणा मारते. सातारकुल म्हणाला, "टोमण्यासारखी नाही बोलली, गुरुजी. काळजीने विचारल्यासारखी बोलली." त्याने मला जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत मी प्रथमच लक्ष देऊन पाहिलं. शेगडीचं बटण पूर्ण फिरवलेलं, पंखा घरघरतोय, आणि आत येते ती कुणी लांबून फुंकर मारावी तशी हवा. कालिपाचे पाय लोकरी बुटांतसुद्धा बधिर झाले. मी रोज तिथेच बसतो, पण मी जाड कोटात असतो आणि मनात काहीतरी म्हणत असतो, मला थंडी कळत नाही. तुझ्या सासूने सीटखाली हात घातला, तर तिथून सेझिमचं मेंढीच्या कातड्याचं आसन निघालं, एक रबरी पिशवी निघाली गरम पाण्याची, आणि तुझे जुने हातमोजे, बोटांना ठिगळ लावलेले.

कालिपा म्हणाली, "पोरगी शाळेत जायची ती ह्या पिशवीवर पाय ठेवून."

मग तिने सगळं होतं तसं परत सीटखाली ठेवलं.

आता तांत्रिक भाग सांगतो, तो सोपा आहे. इंजिनाभोवती पाणी खेळतं. ते तापेपर्यंत पुढच्या जाळीकडे जाणारी वाट बंद हवी, तापल्यावर उघडी. ही वाट राखायला एक छोटा दरवान असतो, अक्रोडाएवढा, पितळी टोपीचा, थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. तो नसला की पाणी पहिल्यापासून जाळीत जातं, वारा खातं, आणि इंजिन कधी तापतच नाही. न तापलेलं इंजिन अजून सकाळच आहे असं समजतं आणि पेट्रोल ओढत राहतं. म्हणून प्लग काळे, म्हणून शेगडी गार. तुझ्या पुठ्ठ्याने तो वारा थोडा अडत होता.

मी गाडी सुरू केली आणि वरच्या जाड नळीवर हात ठेवला. इंजिन अजून थंड, तरी नळीतून कोमट पाणी वाहायला लागलेलं. बंद करून, निवल्यावर, दरवानाचं घर उघडलं. आत दरवान नव्हता. रिकामी जागा.

कुणीतरी काढला असणार. गॅरेजवाले काय करतील नेम नाही.

एवढं मात्र मी लिहायला हवं. मी लांबच्या नारिन शहराला एकदाही गेलेलो नाही, फक्त अत-बाशी आणि परत. आणि माझ्याकडेही पेट्रोल तेवढंच गेलं. म्हणजे तू जिथे सांगत होतीस तिथेच जात होतीस.

हे वाक्य लिहून मी गाईला चारा घालून आलो.

बाबा


तेरेक-बुलाक, ६ जानेवारी

तुर्सुनाय बाळ,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कुणी गॅरेजवाल्याने नाही. दरवानाचं घर उघडल्याबरोबर मला आठवलं होतं, आणि तरी मी 'कुणीतरी' असं लिहिलं. शाळेत एखादा पोर "दौत कुणीतरी सांडली" म्हणाला की मी त्याला सबंध वर्गासमोर हात पुढे करायला लावायचो.

जुलै आठव. सोंग-कोलच्या कुरणावर निघालो होतो, मागे दही-लोण्याची भांडी, घोंगड्या, सेझिम. चढावर गाडी उकळली. मी चालवत होतो. तू किटली घेऊन सेझिमबरोबर ओढ्यावर पाणी आणायला उतरलीस. तुम्ही खाली होता तेवढ्यात एक गुराखी घोड्यावरून खाली न उतरताच म्हणाला, दरवान काढून टाका ना, सगळे काढतात. मलाही ते माहीत होतं. आपल्या डोंगरात चढावाला काढायचा आणि पहिल्या बर्फाआधी परत बसवायचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. गाडी निवेपर्यंत थांबलो, काढला, रुमालात गुंडाळून चोग्याच्या खिशात टाकला. तू ओढ्यावरून वर आलीस तेव्हा मी गाडीचं तोंड बंद करत होतो. तू विचारलंस, "झालं का बाबा?" मी म्हटलं, झालं.

पहिला बर्फ पडला ऑक्टोबरात. त्या दिवशी मी काय करत होतो, तेही आठवतं. शाळेचा वर्धापनदिन जवळ आला होता ना, मला पाठांतराची स्पर्धा घ्यायची होती. पोरांना सांगत होतो, बर्फ कसा पडतो ते खिडकीतून पाहा आणि मग ओळ म्हणा, ओळ आपोआप हळू होईल. सबंध दुपार बर्फ पाहिला. दरवान खिशात होता. चोगा पेटीत होता, डांबराच्या गोळ्यांमध्ये.

परवा पेटी उघडली. कालिपा बघत उभी होती. मी खिशात हात घातला, रुमाल बाहेर काढला. ती जवळ आली, रुमाल सोडला, पितळ पाहिलं. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण माझं तोंड तिला चाळीस वर्षं वाचता येतं. म्हणाली, "हेच का ते?"

मी मान हलवली.

"ह्याच्यासाठी माझी सून गेली," ती म्हणाली. तिने रुमाल परत बांधला आणि माझ्या हातात ठेवला, मिठाई द्यावी तसा.

आता शामशीकडची गोष्ट. तू ती ऐकली आहेस, पण माझ्या तोंडून नाही.

हिवाळी मांसाची जेवणं नुकतीच सुरू झाली होती, पहिलं शामशीकडे. तीच दहाबारा तोंडं, आज त्याच्याकडे, उद्या आपल्याकडे. जेवण झालं, नेहमीसारखं कुणीतरी म्हणालं, गुरुजी, एखादी कविता. मी एक म्हटली. लोक जांभया देत ऐकत होते. जुन्या कवितांना हल्ली असंच होतं. मग शामशीने विचारलं, सून दिसत नाही, अजून कामावरच का? आणि मला, देवाने क्षमा करावी, यमक सुचलं.

सून म्हणे मी इथेच होते, टाकी म्हणे मी दूर,
दोघींपैकी एकीचा तर वेगळा आहे सूर.

लोक हसले. जांभया थांबल्या. कुणी परत म्हणायला लावलं, मी परत म्हटलं. मला छान वाटत होतं, बाळ. खरं तेच लिहितो. छान वाटत होतं. मनात शंका होती, हे खरं. पेट्रोल मी भरायचो, काटा मी पाहायचो, आठवड्यातून एकदा नारिनला जाऊन यावं इतकं जास्त जात होतं, आणि तू अजून तरुण आहेस, कुबातला जाऊन तिसरा हिवाळा. पण शंका होती म्हणून मी ते बोललो नाही. यमक जुळलं म्हणून बोललो.

चाळीस वर्षं मी या गावाला थोरामोठ्यांच्या ओळी शिकवल्या. कुणाच्या ध्यानात एक राहिली नाही. माझ्या दोन ओळी आठवड्यात नळावर पोचल्या. तू पाण्याला गेलीस तेव्हा पोरांनी त्या तुझ्यामागे म्हटल्या. तू घरी येऊन बादल्या ठेवल्यास आणि मला म्हणालीस, "बाबा, गाडीतली शेगडी गार असते, काहीतरी बिघडलंय. मी दुसरीकडे कुठे जात नाही." मी पुस्तकातून मान वर केली नाही.

तुझा भाऊ आला त्या दिवशीही शाळा नव्हती. रविवार होता. मी गोठ्यात होतो. भिंतीच्या फटीतून पाहत होतो. सेझिम घसरगाडी घेऊन जायची म्हणून रडत होती आणि तू तिला सांगत होतीस, ती आजोबांकडे राहू दे, परत येऊ तेव्हा लागेल. परत येऊ, असं तू तेव्हासुद्धा म्हणालीस. मग तू घराकडे तोंड करून, रीतीप्रमाणे, वाकून नमस्कार केलास. रिकाम्या दाराला.

अकरा वर्षं, सुनेच्या रीतीप्रमाणे, तू माझं नाव तोंडात आणलं नाहीस. ताश्तानबेक नाव, त्यात 'ताश' म्हणजे दगड आहे, म्हणून तू दगडालासुद्धा दगड म्हणायची नाहीस. 'रस्त्यात कठीण पडलंय बाबा, सांभाळून' म्हणायचीस, आणि मला हसू यायचं. तू माझं नाव असं जपलंस. तुझं मी गावाच्या तोंडी दिलं.

दरवान बसवलाय. खाली नवा कागदी वॉशर कापून घातला. काटा आता मधोमध येऊन थांबतो. गाडीत इतकी ऊब असते की कालिपा डोक्याचा रुमाल सैल करते. त्या उबेत बसवत नाही मला.

बाबा


तेरेक-बुलाक, २१ जानेवारी

तुर्सुनाय बाळ,

काल आपल्याकडचं जेवण झालं. कालिपा आधी म्हणाली, सून नाही तर कणीक कोण मळणार, जेवण नको. मी म्हटलं, यंदा घालायलाच हवं, आणि तीच माणसं बोलवायला हवीत, एकही कमी नको. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परात काढली. मी कांदे चिरले. तुला खोटं वाटेल.

सगळे आले. शामशी वरच्या जागी. मांस वाटून झालं, रस्सा फिरला, हात धुवून झाले. शामशी म्हणाला, "हं गुरुजी, होऊन जाऊ द्या. ती टाकीची म्हणा, ह्या नव्या पाहुण्यांनी ऐकली नाही."

मी उभा राहिलो. खिशातून रुमाल काढला. गाडीतला दरवान मी सकाळीच परत उघडून आणला होता. त्यासाठी बोटं सोलून घेतली. तो जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर, भाकरींच्या मधे ठेवला.

म्हटलं, "त्या दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. सूनही नाही, टाकीही नाही. ह्याला मी जुलैत काढला आणि विसरलो. पेट्रोल ह्याच्यामुळे गेलं. तुर्सुनाय दवाखान्यात जात होती आणि घरी येत होती, गार गाडीत, पोरीला घेऊन. मी तिच्यावर कुभांड रचलं. तुमच्या घरी बोललो होतो, आज माझ्या घरी परत घेतो."

एकाने तो दरवान उचलून पाहिला, शेजाऱ्याकडे दिला, त्याने पुढच्याकडे. सबंध घेर फिरून तो माझ्यापाशी आला. शामशीने दाढी खाजवली, म्हणाला, "हसलो तर आम्हीसुद्धा होतो, ताश्तानबेक."

"हसलात," मी म्हटलं. "पण जुळवलं मी."

मग सर्वांत म्हातारा, कोझुबाय, बसल्या जागेवरून म्हणाला, "पूर्वी अशा बोलण्याला घोडा आणि चोगा दंड असायचा. ज्याचं नाव घेतलं त्याच्या दारी नेऊन द्यायचा. सुनेच्या दारी सासरा गेलेला मी ऐकला नाही. पण रीत म्हणजे रीत."

एकजण कुजबुजला की सुनेपुढे वाकणार का हा आता. कालिपा चहा ओतत होती. ओतता ओतताच म्हणाली, "वाकेल. नसेल वाकवत तर मी मानेला धरून वाकवीन." तेव्हा मात्र हसले सगळे, आणि त्या हसण्याने मला बरं वाटलं.

जाताना शामशीने सांगितलं, नळावर ते म्हणणाऱ्या पोरांमध्ये त्याचे दोन नातू होते. त्यांचे कान तो बघून घेईल. मी म्हटलं, कान नको धरूस. त्यांच्या कानात मीच घातलं होतं.

ह्याने तुझ्या मनाचं काय होईल, मला माहीत नाही. नळावरची गोष्ट परत घेता येत नाही, हेही कळतं. फक्त तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

बाबा


कोच्कोर, तुझ्या वडिलांच्या फाटकाबाहेर, २ फेब्रुवारी

तुर्सुनाय बाळ,

हे पत्र गाडीत बसून, गुडघ्यावर लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. शाळेत असतो तर स्वतःलाच परत लिहायला लावलं असतं.

सकाळी उजाडल्यावर निघालो. दोलोनवर वारा इतका होता की बर्फ रस्त्यावर आडवा धावत होता. दरवान परत बसवलाय, आत मी कोट काढून ठेवला होता. काटा मधोमध होता. सेझिमच्या बाजूच्या काचेवर आतून तिने बोटाने काढलेलं मांजर अजून आहे. वाफ धरली की दिसतं, गेली की जातं. येताना सबंध वाट ते दिसत होतं.

कविता एकही म्हटली नाही. प्रयत्न केला, दुसऱ्या ओळीला त्या दोनच ओळी मध्ये येतात. बहुतेक आता त्याच येत राहतील. असू दे.

तुझ्या आईने मला पाहिलं आणि फाटकाशी आली. आत या म्हणाली. मी म्हटलं, मला आत यायचा अधिकार नाही, इथे बसून एक पत्र लिहितो, तेवढं द्या. दारी आलेल्याला तसंच परत पाठवायचं तिला जमेना. ती आत जाऊन भाकर घेऊन आली. मी तुकडा मोडून खाल्ला. नाही म्हणणं माझ्याने झालं नाही. तुझे वडील ओसरीवर उभे होते. त्यांनी मान हलवली नाही, पण आतही गेले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर आत गेलो असतो.

दंडाचं सांगतो. चोगा आणलाय, तोच, ज्याच्या खिशात ते होतं. मागच्या सीटवर आहे. कालिपाने धुऊन, अस्तर बदलून दिलाय, आणि तो खिसा शिवून टाकलाय. घोड्याची मात्र अडचण झाली. गाडीच घोडा म्हणून द्यायची असं ठरवून निघालो होतो. खिंडीच्या माथ्यावर लक्षात आलं, गाडी कुबातची, म्हणजे तुझीच. तुझी वस्तू तुलाच दंड म्हणून कशी देणार? तेव्हा घोडा मी अजून तुझा देणं लागतो. तो कसा फेडायचा ते मला सुचलेलं नाही. एवढंच सुचलं की गाडी जिची तिच्या दारी असावी.

सीटखाली रबरी पिशवी आणि कातड्याचं आसन तसंच आहे, आता लागणार नाहीत. सेझिमची घसरगाडी छपरावर बांधून आणलीय. तू म्हणाली होतीस, परत येऊ तेव्हा लागेल. ती मी घेऊन आलो, म्हणजे तू येऊ नकोस असं नाही. तुला येणं भाग पडू नये म्हणून आणली. घराचं दार तुला ठाऊक आहे. कालिपा रोज दोन जास्तीचे पेले मांडते आणि मग उचलते. हे तिने लिहू नकोस म्हणून बजावलं होतं.

फाटकाकडे तोंड करून वाकायला मी उतरणार आहे. तू खिडकीत असलीस तरी, नसलीस तरी. कोझुबाय म्हणाला तसं, रीत म्हणजे रीत. माझी पाठ पूर्वीसारखी वाकत नाही, जितकी वाकेल तितकी खरी.

मग चौकात जातो. सातारकुलची टॅक्सी दुपारी परत निघते, मागची मधली जागा माझ्यासाठी धरून ठेवीन म्हणाला.

किल्ली या पाकिटात आहे. टाकी कोच्कोरमध्ये शिरताना काठोकाठ भरली. तिथून आपलं घर येईल, बिश्केक येईल, नारिनही येईल. जिथे जायचं तिथे जा. काट्याकडे मी पुन्हा कधी पाहणार नाही.

ताश्तानबेक